जादा शिसं, जादा हवा

जुहूच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर पाणीच पाणी दिसतं, पण स्कूबा डायव्हरच्या ते काही कामाचं नाही. मुंबईची मोठी भरती-ओहोटी पाच मीटरच्या आसपास पाणी वर-खाली करते. उत्तरेला वर्सोव्याजवळ मालाडची खाडी मोकळी होते आणि दक्षिणेला माहीमच्या उपसागरात मिठी नदी येते. या सगळ्याबरोबर येणारा बारीक गाळ दिवसातून चार वेळा ढवळला जातो, तळाशी बसायला त्याला उसंतच मिळत नाही. त्यामुळे इथे डायव्ह करण्याचा विचारही करू नये. पावसाळ्यात तर परतीची ओढ आणि निळ्या फुग्यांच्या विषारी ब्लूबॉटल यांमुळे पोहायलाही उतरू नये.

म्हणून अंधेरी-जुहूकडची मंडळी मालवण, गोवा किंवा अंदमान गाठतात, तीन-चार दिवसांत ‘ओपन वॉटर’चं कार्ड मिळवतात, अठरा मीटरपर्यंत उतरण्याची मुभा घेऊन परत येतात. पुढची डायव्ह बऱ्याचदा वर्षभराने होते आणि तोवर शिकलेलं निम्मं विसरून गेलेलं असतं. मग वाटतं, आणखी एक कोर्स करावा, तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट आणि टाकीतून श्वास देणारा रेग्युलेटर स्वतःचे घ्यावेत. माझं मत स्पष्ट आहे: यातल्या कशाचीही इतक्यात गरज नाही. नवख्या डायव्हरचं घोडं अडतं ते दोन ठिकाणी, कमरेच्या शिशापाशी आणि श्वासापाशी. या दोन्हींचं विज्ञान नीट समजलं, तर सरावाचा मोठा भाग जुहूपासून रिक्षाच्या अंतरावर, थोडक्या पैशांत होतो.

आधी शिसं. वेटसूटच्या रबरात हवेचे बुडबुडे असतात, ते शरीराला वर ढकलतात. ते खाली ओढायला कमरेला शिशाचे ठोकळे लावतात. पर्यटकांच्या गर्दीत प्रत्येकाचं वजन बारकाईने ठरवायला वेळ नसतो. माणूस पटकन बुडावा म्हणून दोन-तीन किलो जास्तच लावले जातात. समजा, तीन किलो जादा आहेत. समुद्राच्या एक लिटर पाण्याचं वजन १.०२५ किलो, म्हणजे ते तीन किलो तोलायला जाकिटात जवळजवळ तीन लिटर हवा भरावी लागते. इथेच, दाब कमी झाला की हवा फुगते, हा बॉईलचा नियम आडवा येतो. दहा मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, म्हणजे २ बार. तिथून पाच मीटरवर आलात की दाब १.५ बार होतो आणि त्या तीन लिटरचे चार लिटर होतात. काहीही न करता शरीर एक किलोच्या जोराने वर खेचलं जायला लागतं. वर जाल तशी हवा आणखी फुगते, फुगेल तसे आणखी वर जाल. घाबरून हवा सोडली की तितक्याच वेगाने खाली. नवा डायव्हर पाण्यात लिफ्टसारखा वर-खाली होत राहतो, तो का, याचं उत्तर बहुतेक वेळा या तीन किलोंत असतं.

नुकसान तिथेच थांबत नाही. शिसं कमरेला, हवा छातीशी. त्यामुळे पाय खाली लोंबतात आणि शरीर तिरकं होतं. तिरकं शरीर जास्त पाणी ढकलतं. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे दुप्पट वेगाने जायला आठपट शक्ती. दम लागतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, श्वास उथळ आणि भराभर होतो, टाकी लवकर रिकामी होते. डायव्हचे पैसे पंचेचाळीस मिनिटांचे भरलेले असतात, बाहेर यावं लागतं पंचविसाव्या मिनिटाला.

यावर एक रुपयाही न लागणारा उपाय म्हणजे वही. प्रत्येक डायव्हनंतर सुरुवातीचा व शेवटचा दाब, सरासरी खोली, वेळ, वेटसूटची जाडी आणि किती शिसं लावलं, एवढं लिहायचं. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी ॲल्युमिनियमची टाकी साधारण ११ लिटरची असते. समजा, २०० बारने उतरलात, ८० बारला वर आलात, वेळ ३५ मिनिटं, सरासरी खोली ८ मीटर. वापरलेली हवा १२० गुणिले ११, म्हणजे १३२० लिटर. मिनिटाला सुमारे ३८ लिटर. आठ मीटरवर दाब १.८ बार, त्याने भागलं की २१. पृष्ठभागावर मोजली तर मिनिटाला २१ लिटर हवा, हा तुमचा स्वतःचा आकडा. नवख्याचा तो विशीच्या पुढे असणं स्वाभाविक आहे, सरावलेल्यांचा पंधराच्या आसपास येतो. हा आकडा उतरायला लागला की समजावं, हात बसतो आहे. मात्र श्वास रोखून तो उतरवू नये. स्कूबात श्वास कधीच रोखायचा नसतो, कारण वर येताना फुप्फुसातली हवाही त्याच बॉईलच्या नियमाने फुगते. श्वास लांब आणि संथ करायचा, विशेषतः बाहेर सोडताना.

त्याची तालीम तलावात करता येते. अंधेरीतलं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आणि विलेपार्ल्याचं प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुल, दोन्हीकडे मोठे तलाव आहेत. टाकी लागत नाही. छातीभर पाण्यात कडेला धरून चेहरा पाण्यात घाला आणि मास्क न लावता, नुसत्या स्नॉर्केलमधून तोंडाने श्वास घ्या. पहिल्या दोन-तीन श्वासांत नाकाशी पाणी लागलं की घसा आवळतो, मान आपोआप वर येते. शरीराची ती जुनी सवय आहे, पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून जपलेली. पण पंधरा मीटरवर मास्कमध्ये पाणी शिरल्यावर हीच सवय माणसाला घाबरवून वर पळायला लावते, आणि स्कूबात सगळ्यांत धोक्याचं तेच. रोज थोडा वेळ असं केलं की नाक आणि तोंड वेगळं वागवायला घसा शिकतो. सगळ्या सरावांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो.

दुसरा सराव खोल बाजूला. उभं राहून, हात-पाय न हलवता, छाती भरून श्वास घ्या. डोळ्यांपर्यंत तरंगाल. निम्मा सोडा, कपाळ बुडेल. एक लिटर हवेने साधारण एक किलोचा फरक पडतो आणि तो श्वासानंतर लगेच नाही, क्षणभर उशिरा जाणवतो. हा उशीर अंगात मुरला की खाली जाकिटाच्या बटणाकडे हात जायचा थांबतो. तलावात एक नियम मात्र पक्का: भराभर खोल श्वास घेऊन बुडी मारायची नाही. त्याने कार्बन डायऑक्साइड इतका उतरतो की श्वास घ्यावासा वाटायच्या आतच प्राणवायू संपून शुद्ध हरपते. एकट्याने करू नये, जीवरक्षकाला आधी सांगावं. फिन्स घालायच्या असतील तर परवानगी विचारावी आणि बेडकासारखी, आडवी लाथ घोटवावी. तळाचा गाळ तिने कमी उडतो. विकत घ्यायचीच एखादी वस्तू, तर चांगला बसणारा मास्क घ्या. पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवून नाकाने हलकेच आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला, तर तो तुमचा.

तलावात शिसं लावून पाहिलं, तरी तेवढं समुद्रात पुरत नाही, हे लक्षात ठेवावं. माणूस आणि सामान मिळून नव्वद किलो धरलं, तर गोड्या पाण्यातून खाऱ्यात जाताना सव्वादोन किलोच्या आसपास वाढवावं लागतं. शिवाय भरलेल्या टाकीतल्या हवेचंच वजन पावणेतीन किलोंच्या घरात भरतं. डायव्ह संपेपर्यंत त्यातली दोन किलो गेलेली असते. म्हणून वजनाची खरी परीक्षा शेवटी, टाकीत ५० बार उरलेले असताना, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो तेव्हा. जाकीट रिकामं करून तिथे स्थिर राहता आलं, तर शिसं बरोबर. आकडा वहीत.

जुहूच्या वाळूवर फुकट शिकण्यासारखी एक गोष्ट आहेच: भरती. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईकडे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येतं. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत सूर्य आणि चंद्र पाण्याला एकमेकांशी काटकोनात ओढत असल्याने पाण्याची चढ-उतार कमी राहते, तिला भांगाची भरती म्हणतात. भांगाला प्रवाह मंद, गाळ कमी उठतो, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. तेव्हा कॅलेंडर बघून सुट्टी टाकली, तर त्याच पैशांत जास्त दिसतं. बेत मात्र अधिकृत भरतीच्या तक्त्यावरूनच करावा.

बेत मालवणचा. ऑक्टोबर ते मे हा हंगाम. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे डायव्हिंगसाठीच खोल बांधलेला तलाव आहे. विसरलेले धडे तिथे आधी उजळून घ्यावेत. किनाऱ्यावर विकली जाणारी बहुतेक ‘स्कूबा’ ही प्रशिक्षकाने धरून फिरवण्याची, फोटो काढण्याची सफर असते. कार्डधारकाला तिच्यातून काही शिकता येत नाही. कार्डधारकांसाठीची ‘फन डाइव्ह’च हवी, असं फोनवरच सांगावं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्याला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथली गोलसर प्रवाळं वर्षाला सेंटिमीटरभर वाढतात. जादा शिशाने खाली आलेला गुडघा त्यांची कित्येक वर्षांची वाढ एका क्षणात मोडतो. तोल शिकूनच तिथे उतरावं, हे मला पैशांच्या हिशेबापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

जायला दादरहून तुतारी एक्स्प्रेस, उतरायचं कुडाळला. येतानाही रेल्वेच बरी, आणि ती केवळ स्वस्त म्हणून नाही. डायव्हनंतर रक्तात आणि ऊतींमध्ये जादा नायट्रोजन विरघळलेला असतो. उंचावर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका डायव्हनंतर बारा तास आणि एकाहून अधिक केल्या असतील तर अठरा तास विमान टाळावं, असा संकेत आहे. त्याच संध्याकाळी गाडीने आंबोली चढून कोल्हापूर गाठणाऱ्यांनाही तो लागू पडतो. कोकण रेल्वे घाटमाथा चढतच नाही.