अमेरिकेतील छोटे कॉलेज फुटबॉल संघ : उत्पन्न, तोटा आणि भवितव्य

प्रस्तावना

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळला जाणारा खेळ नव्हे. डोक्याला हेल्मेट, खांद्यांना जाड पॅड आणि हातात लंबगोल चेंडू, असा हा वेगळा खेळ आहे. तेथील विद्यापीठांचे संघ हा खेळ व्यावसायिक संघांच्या तोडीच्या थाटात खेळतात. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १ लाख ७ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. मात्र फुटबॉल संघ असलेल्या शेकडो कॉलेजांपैकी फार थोड्यांची स्थिती अशी आहे. बऱ्याच ठिकाणी सामन्याला दोन-चार हजार लोक येतात, काही ठिकाणी त्याहूनही कमी.

अशा संघांचे पुढे काय होईल, असा प्रश्न आला की बहुतेक जण प्रेक्षकसंख्येकडे बोट दाखवतात. या पाठात आपण हा हिशोब सुटा करून पाहणार आहोत. त्यातून एक गोष्ट लक्षात येईल : छोट्या संघाचे भवितव्य तिकीट खिडकीवर ठरत नाही, तर तोटा कोण भरून काढतो आणि तो किती वर्षे भरत राहील यावर ठरते. स्थिर खर्च, अनुदान आणि सीमांत उत्पन्न या अर्थशास्त्रातील संकल्पना समजून घेण्यासाठी हे उदाहरण उपयोगी आहे.

१. रचना : कोण कोणत्या पायरीवर

कॉलेज क्रीडा स्पर्धांचे नियमन मुख्यतः एनसीएए ही संस्था करते. तिच्या तीन पायऱ्या आहेत : डिव्हिजन एक, दोन आणि तीन. फुटबॉलपुरते डिव्हिजन एकचे पुन्हा दोन भाग पडतात. वरच्या भागाला एफबीएस म्हणतात. २०२५ च्या हंगामात त्यात १३६ संघ होते. खालच्या भागाला एफसीएस म्हणतात. अलीकडेपर्यंत एफबीएस संघाला ८५ आणि एफसीएस संघाला ६३ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, तरीही तेथे सुमारे २४० कॉलेजे फुटबॉल खेळतात. हे का, ते पुढे पाहू.

एफबीएसमध्येही दोन थर आहेत. बिग टेन, एसईसी यांसारख्या बड्या परिषदांतील विद्यापीठे एका बाजूला आणि मिड-अमेरिकन, सन बेल्ट, कॉन्फरन्स यूएसए यांसारख्या छोट्या परिषदांतील विद्यापीठे दुसऱ्या बाजूला. आपल्या चर्चेतील 'छोटे संघ' म्हणजे हा दुसरा थर आणि त्याच्या खालचे सर्व.

२. तिकिटांतून किती येते?

एक काल्पनिक एफसीएस संघ घेऊ. घरच्या मैदानावर वर्षाला ५ सामने, प्रत्येकाला ४,००० प्रेक्षक आणि तिकीट सरासरी १५ डॉलर.

तिकीट उत्पन्न = ५ × ४,००० × १५ = ३ लाख डॉलर.

आता खर्चातील एकच बाब पाहू. ६३ शिष्यवृत्त्या, प्रत्येकी ३० हजार डॉलर.

शिष्यवृत्ती खर्च = ६३ × ३०,००० = १८ लाख ९० हजार डॉलर.

प्रशिक्षकांचे पगार, प्रवास, विमा, वैद्यकीय सेवा आणि साहित्य अजून धरलेलेच नाही. प्रेक्षक दुप्पट झाले तरी उत्पन्न ६ लाखांवरच जाते. म्हणजे मैदान भरले तरी तूट बुजत नाही. एनसीएएच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार तिच्या सुमारे ११०० सभासद संस्थांपैकी केवळ २५ संस्थांच्या क्रीडा विभागांचे उत्पन्न खर्चापेक्षा जास्त होते आणि त्या सगळ्या बड्या परिषदांतील होत्या.

प्रेक्षकांचे आकडेही जपून वाचावे लागतात. एफबीएसमध्ये राहायचे तर घरच्या सामन्यांना सरासरी १५,००० प्रेक्षक हवेत, असा नियम बरीच वर्षे होता. पण प्रत्यक्ष हजेरी किंवा विकलेली तिकिटे यांपैकी कोणतीही मोजणी चालत असल्याने कागदावर आकडा जुळवणे अवघड नव्हते. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१८ मध्ये विद्यापीठांकडून माहिती मिळवून दाखवले की प्रवेशद्वारावर स्कॅन झालेली तिकिटे जाहीर केलेल्या संख्येच्या सुमारे ७१ टक्केच होती. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये एनसीएएने प्रेक्षकसंख्येची अट रद्द केली. त्याऐवजी शिष्यवृत्त्यांवरील किमान खर्चाच्या अटी कडक केल्या आणि एफबीएसमध्ये येण्याचे शुल्क ५ हजार डॉलरवरून थेट ५० लाख डॉलर केले. 'किती लोक येतात' हा प्रश्न मागे पडून 'किती पैसा घालू शकता' हा प्रश्न नियमपुस्तिकेतच पुढे आला.

३. मग पैसा येतो कोठून?

छोट्या संघांचे मुख्य आधार चार आहेत.

(अ) विद्यार्थी शुल्क आणि विद्यापीठाचे अनुदान. अनेक सरकारी विद्यापीठांत प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडा शुल्क सक्तीने घेतले जाते. तो सामन्याला जातो की नाही, याचा संबंध नसतो. समजा १०,००० विद्यार्थी आणि वार्षिक शुल्क ५०० डॉलर. एका झटक्यात ५० लाख डॉलर जमतात. वरच्या उदाहरणातील तिकीट उत्पन्नाच्या हे सोळापटींहून जास्त आहे. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर चार वर्षांत २,००० डॉलर जातात, आणि शिक्षण कर्जावर असेल तर त्यावर व्याजही चढते. व्हर्जिनिया राज्याने २०१५ मध्ये कायदा करून क्रीडा खर्चात अशा अनुदानाचा वाटा किती असावा यावर मर्यादा घातली. ती छोट्या एफबीएस विद्यापीठांना ५५ टक्के आणि एफसीएस विद्यापीठांना ७० टक्के आहे. मर्यादा घालणारा कायदासुद्धा इतक्या मोठ्या अनुदानाला मान्यता देतो, यावरून अवलंबित्व किती खोल आहे ते कळते. आपल्याकडून तेथे एमएससाठी जाणाऱ्यांनीही शुल्कपत्रकातील ही ओळ जरूर पाहावी.

(आ) गॅरंटी सामने. बडे विद्यापीठ हंगामाच्या सुरुवातीला छोट्या संघाला आपल्या मैदानावर बोलावते आणि ठरावीक रक्कम देते. बड्यांना घरचा एक सोपा विजय आणि भरलेले मैदान मिळते, छोट्यांना रोख रक्कम. क्वचित डाव उलटतो. २००७ मध्ये ॲपलाचियन स्टेटला मिशिगनने ४ लाख डॉलर देऊन बोलावले आणि पाहुण्यांनी सामना ३४-३२ असा जिंकला. २०२४ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयने नोत्र दामला त्यांच्याच मैदानावर १६-१४ असे हरवले. त्या सामन्याचे मानधन सुमारे १४ लाख डॉलर होते. या दोन सामन्यांची आठवण आजही निघते ती ते अपवाद होते म्हणूनच. एरवी खेळाडू मोठ्या फरकाने हरतात, दुखापती सोसतात आणि विभागाचे अंदाजपत्रक जुळते.

(इ) प्रक्षेपण हक्क. १९८४ पर्यंत दूरचित्रवाणीवरील कॉलेज फुटबॉल एनसीएएच्या ताब्यात होते. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हे नियंत्रण स्पर्धाविरोधी ठरवले. तेव्हापासून परिषदा स्वतः करार करू लागल्या आणि दरी रुंदावत गेली. बिग टेनचा २०२२ मध्ये जाहीर झालेला सात वर्षांचा करार ७०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा असल्याचे प्रसिद्ध झाले. छोट्या परिषदांना यातले काही मिळत नाही. उलट थोड्या रकमेसाठी त्यांना सोय सोडावी लागते. मिड-अमेरिकन परिषदेचे संघ नोव्हेंबरमध्ये मंगळवारी-बुधवारी रात्री खेळतात, कारण तेव्हा वाहिनीकडे जागा रिकामी असते. कडाक्याच्या थंडीत, कामाच्या दिवशी मैदान ओस पडते. इथे कमी प्रेक्षकसंख्या हे अपयश नसून प्रक्षेपणासाठी मोजलेली किंमत आहे.

(ई) प्रवेशसंख्या. डिव्हिजन तीनच्या कोड्याचे उत्तर येथे आहे. खेळाडूला शिष्यवृत्ती द्यायची नाही, म्हणजे तो शुल्क भरणारा विद्यार्थी ठरतो. समजा फुटबॉलमुळे १०० विद्यार्थी आले, सवलती वजा जाता प्रत्येकी १८ हजार डॉलर मिळाले आणि संघाचा खर्च ८ लाख डॉलर आहे. उत्पन्न १८ लाख, शिल्लक १० लाख. मैदानात तीनशे माणसे असली तरी फरक पडत नाही. अमेरिकेत पदवी विद्यार्थ्यांमध्ये मुलींचे प्रमाण बरेच जास्त असल्याने मुलांना आकर्षित करण्यासाठीही छोटी खासगी कॉलेजे फुटबॉल सुरू करतात.

पण येथे एक फसगत आहे. त्या १०० पैकी किती जण फुटबॉल नसता तरी आलेच असते? मोजायचे ते फक्त जास्तीचे विद्यार्थी. ते ५० असतील तर शिल्लक १ लाखावर येते. ४५ पेक्षा कमी असतील तर तोटा होतो. शिकवण्याचा आणि वसतिगृहाचा वाढीव खर्च तर अजून बाजूलाच आहे. याला सीमांत विचार म्हणतात.

४. आता काय बदलले?

चारही आधार एकाच वेळी कमकुवत होत आहेत.

जून २०२५ मध्ये 'हाउस' खटल्यातील तडजोडीला न्यायालयाने मंजुरी दिली. त्यानुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई मिळणार आहे आणि विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी २ कोटी ५ लाख डॉलर होती. पैसे देणे छोट्यांवर बंधनकारक नाही. मात्र भरपाईचा काही भाग एनसीएए डिव्हिजन एकच्या संस्थांना देत असलेल्या वाटपातून कापला जातो, त्यामुळे ज्यांनी या खेळातून कधी फायदा पाहिला नाही त्यांनाही झळ बसते. शिवाय चांगला खेळाडू घडवला की एक-दोन वर्षांत मोठे विद्यापीठ त्याला जास्त पैसे देऊन नेते.

दुसरा बदल लोकसंख्येचा. अमेरिकेत जन्मसंख्या २००७ मध्ये शिखरावर होती, नंतर ती घसरली. ती मुले २०२५ च्या सुमारास अठरा वर्षांची झाली. यापुढे प्रवेशासाठी येणाऱ्यांची संख्या घटत जाणार. प्रवेशसंख्येच्या आधारावर उभ्या असलेल्या संघांचा पायाच खचतो. बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजने डिव्हिजन तीनमध्ये जाऊन २००७ मध्ये फुटबॉल सुरू केला, पण २०२४ मध्ये कॉलेजच बंद पडले. साउथ कॅरोलिनातील लाइमस्टोन विद्यापीठ २०२५ मध्ये बंद झाले. तेथेही २०१४ पासून फुटबॉल होता. दोन्हींच्या अडचणी फुटबॉलमुळे आल्या असे म्हणता येणार नाही, पण फुटबॉल त्यांना वाचवू शकला नाही हे खरे.

५. पर्याय : चार उदाहरणे

बंद करणे. न्यूयॉर्कजवळील हॉफस्ट्रा विद्यापीठाने डिसेंबर २००९ मध्ये फुटबॉल बंद केला. वर्षाला सुमारे ४५ लाख डॉलर खर्च होत होता. ते पैसे अभ्यासक्रम आणि शिष्यवृत्त्यांकडे वळवण्याचे ठरले. विद्यापीठ सुरळीत चालू आहे.

बंद करून पुन्हा सुरू करणे. अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेने डिसेंबर २०१४ मध्ये संघ बंद केला. शहरातून संतापाची लाट उठली, देणग्या आल्या आणि जून २०१५ मध्ये निर्णय फिरवला गेला. संघ २०१७ मध्ये मैदानात परतला आणि २०१८ मध्ये परिषदेचा विजेता झाला. या वादात हिशोबाचा एक महत्त्वाचा मुद्दा पुढे आला. शिष्यवृत्ती ही विद्यापीठाने स्वतःलाच दिलेली रक्कम असते. वर्गात जागा रिकामी असेल तर त्या विद्यार्थ्याचा खरा खर्च शुल्कापेक्षा खूप कमी असतो. हे धरले तर कागदावरचा तोटा बराच आटतो, काही अभ्यासकांच्या मते नाहीसाही होतो.

एक पायरी खाली येणे. आयडाहो विद्यापीठ २०१८ मध्ये एफबीएसमधून स्वेच्छेने एफसीएसमध्ये उतरले. त्यांचे बंदिस्त मैदान जेमतेम १६ हजारांचे. चाहत्यांना हा अपमान वाटला. पण जवळच्या राज्यांतील जुने प्रतिस्पर्धी परत मिळाले आणि २०२२ पासून सलग तीन वर्षे संघ बाद फेरीत पोहोचला. पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिस विद्यापीठाने २०२५ मध्ये डिव्हिजन एक सोडून तीनमध्ये जाण्याचे जाहीर केले.

शिष्यवृत्तीविना खेळणे. पायोनियर फुटबॉल लीगमधील ड्रेक, डेटन, डेव्हिडसन यांसारख्या संस्था एफसीएसमध्ये आहेत, पण फुटबॉलसाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. खर्चाची सर्वांत मोठी बाबच त्यांनी काढून टाकली आहे.

सगळेच खाली येत आहेत असे मात्र नाही. डेलावेअर आणि मिझुरी स्टेट २०२५ मध्ये नवे शुल्क मोजून एफबीएसमध्ये दाखल झाले. वरची दारे कायमची बंद होण्याआधी आत शिरावे, अशी अशा विद्यापीठांची भूमिका दिसते.

६. निष्कर्ष

ज्या संघाचे संस्थेतील काम स्पष्ट आहे आणि ज्याचा खर्च त्या कामाच्या मापाचा आहे, तो रिकाम्या मैदानातही टिकेल. डिव्हिजन तीनमधील सुदृढ कॉलेज किंवा पायोनियर लीगमधील संस्था या गटात येतात. खरा धोका मधल्या संघांना आहे. त्यांचा खर्च बड्यांच्या स्पर्धेतला आणि उत्पन्न विद्यार्थ्यांच्या खिशातले. तेथे दरवर्षी तूट वाढते आणि ती भरणाऱ्यांना संघ ठेवावा की नाही हे विचारले जात नाही. गावाचा अभिमान आणि माजी विद्यार्थ्यांची माया यांना मोल नाही असे नाही, पण ते मोल कोण देतो हे शुल्कपत्रकात स्पष्ट लिहिलेले असावे. तसे लिहून विद्यार्थ्यांनी होकार दिला तर तो संघ खुशाल चालावा. लपवून चालवलेल्या संघाचा हिशोब विद्यार्थी कमी होऊ लागले की उघडा पडतोच.

सरावासाठी प्रश्न

१. विभाग २ मधील काल्पनिक संघाने ६३ ऐवजी ३० शिष्यवृत्त्या दिल्या, तर तिकीट उत्पन्नातून शिष्यवृत्ती खर्चाचा किती टक्के भाग निघेल?
२. विभाग ३ (ई) मधील उदाहरणात संघाचा खर्च १० लाख डॉलर झाल्यास तोटा टाळण्यासाठी किमान किती जास्तीचे विद्यार्थी लागतील?
३. शिष्यवृत्तीचा खर्च पूर्ण शुल्काइतका धरावा की सीमांत खर्चाइतका? वर्ग भरलेले असताना आणि रिकामे असताना उत्तर कसे बदलते?
४. सामन्याला न जाणाऱ्या विद्यार्थ्याकडून क्रीडा शुल्क घेणे योग्य आहे का? तुमच्या कॉलेजातील ग्रंथालय शुल्क किंवा जिमखाना शुल्काशी तुलना करून मत मांडा.