स्नायूंची घडण आणि डॉक्टरांची घडण

शरीरातील बहुतेक पेशींत एकच केंद्रक असते. हाडांना जोडलेल्या आणि इच्छेनुसार हलणाऱ्या स्नायूंचा तंतू मात्र याला अपवाद असून त्या एकाच लांबट पेशीत शेकडो केंद्रके आढळतात. याचे कारण त्याच्या जन्मात आहे. गर्भाच्या पाठीकडील भागात, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, ऊतींचे जे लहान खंड तयार होतात, त्यांतील काही पेशी मायोब्लास्ट म्हणजे स्नायुजनक पेशी बनतात, काही काळ विभाजनाने वाढतात आणि मग विभाजन थांबवून एकमेकींत विलीन होतात; त्यातूनच तंतू तयार होतो. पेशीचे हे भवितव्य कसे ठरते, याचा महत्त्वाचा धागा १९८७ मध्ये हाती आला. अमेरिकेतील हॅरल्ड वाइन्ट्राउब यांच्या प्रयोगशाळेने ‘मायोडी’ हे एकच जनुक उंदराच्या संयोजी ऊतीतील पेशींत कार्यान्वित केले, तेव्हा त्या पेशी स्नायुजनक पेशींसारख्या वागू लागल्या.

त्याआधी, १९६१ मध्ये, अलेक्झांडर मॉरो यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायुतंतूला बिलगून, त्याच्या आवरणाखाली बसलेल्या लहान पेशी दिसल्या होत्या. उपग्रह पेशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेशी एरवी निष्क्रिय राहतात आणि इजा झाल्यावर जाग्या होऊन नवा तंतू घडवतात, हे पुढे स्पष्ट झाले. मात्र दुरुस्तीच्या या सामर्थ्याला मर्यादा आहे, आणि ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजारात ती फार क्रूरपणे उघडी पडते.

या आजारात एक्स गुणसूत्रावरील एका प्रचंड जनुकात, ज्याची लांबी वीस लाखांहून अधिक अक्षरांची आहे, दोष असतो आणि त्यामुळे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन जवळजवळ तयारच होत नाही. तंतूच्या पटलाला आतून आधार देणारे हे प्रथिन नसले की प्रत्येक आकुंचनागणिक पटल फाटत जाते, उपग्रह पेशी पुनःपुन्हा दुरुस्तीस धावतात आणि अखेर स्नायूची जागा चरबी व तंतुमय ऊती घेतात. आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. मूल उशिरा चालू लागते, वारंवार पडते, त्याच्या पोटऱ्या अवाजवी फुगलेल्या दिसतात आणि जमिनीवरून उठताना ते स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येते.

हे उठणे प्रथम कोण पाहते, हा प्रश्न वैद्यकीय शिक्षणाचा आहे. रुग्णालयातील खाटेवर झोपवून तपासलेल्या मुलात ही खूण सहज निसटते. शिवाय एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरे स्नायूंतूनही रक्तात उतरत असल्याने, ती वाढलेली पाहून यकृताच्या आजाराचा शोध सुरू होतो. क्रिएटिन कायनेज ही रक्ततपासणी वेळीच केली, तर हा फेरा टळू शकतो. स्टेरॉइड औषधे आजार बरा करत नाहीत, परंतु चालण्याची क्षमता काही काळ अधिक टिकवतात. गमावलेला स्नायू मात्र ती परत आणू शकत नाहीत. म्हणून निदानातील दिरंगाईची किंमत मुलालाच मोजावी लागते.

वैद्यकीय विद्यार्थ्याला समाजात नेण्याचा आग्रह भारतात नवा नाही. भोर समितीने १९४६ मध्ये सामाजिक दृष्टी असलेल्या डॉक्टराची कल्पना मांडली होती. डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्राम येथे १९६९ मध्ये स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी तेथे शिबिरात राहतात आणि नेमून दिलेल्या कुटुंबांकडे पुढेही जात राहतात. अशा भेटींत व्याख्यानकक्षात न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात: घराचा उंच उंबरठा, शाळेचे अंतर आणि दोष आईकडून आला असे समजताच तिच्या वाट्याला येणारा ठपका. सुमारे एकतृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो आणि आई वाहक असली तरी त्यात तिचा काहीही अपराध नसतो, हे सासरच्या मंडळींना त्यांच्या भाषेत समजावणे, तसेच मावशी आणि बहीण यांच्या तपासणीचा विषय त्यांची अप्रतिष्ठा न होता काढणे, हे जनुकशास्त्र जाणणाऱ्या आणि त्या घराचा विश्वास मिळवलेल्या डॉक्टरालाच साधते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने आता कुटुंब दत्तक उपक्रम देशभरच्या अभ्यासक्रमात आणला आहे; या भेटी केवळ नोंदवही भरण्यापुरत्या उरल्या, तर मांड्यांवर हात टेकत उठणारे मूल समोर असूनही विद्यार्थ्याच्या नजरेस पडणार नाही.