गोठ्याच्या विटांच्या भिंतीत बाहेरचे दिवे बसविणे

रात्री-अपरात्री गोठ्याकडे जावे लागत नाही, असा शेतकरी विरळा. वाटेवर घोणस किंवा मण्यार असल्यास ती अंधारात दिसत नाही. दारावर टांगलेल्या दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो व पायाखाली स्वतःचीच सावली पडते. पूर्वी दिव्यासाठी भिंतीत कोनाडा राखीत. त्याच रीतीने जमिनीपासून सुमारे दीड फुटावर भिंतीत दिवा बसविल्यास उजेड थेट वाटेवर पडतो.

जागेची निवड : भिंत नऊ इंची असावी. साडेचार इंची भिंतीत पेटीस पुरेशी खोली मिळत नाही व भिंत कमजोर होते. कोपरा, तुळईचा टेकू आणि चौकटीची बाजू टाळावी. जेथे जनावरे अंग घासतात तेथे दिवा बसवू नये.

दिव्याची निवड : एका विटेच्या दर्शनी मापाचा, आय.पी. 65 असा शिक्का असलेला एल.ई.डी. दिवा घ्यावा. अशा दिव्यात धूळ शिरत नाही व पाण्याचा फवारा त्यास बाधत नाही. 5 वॅटचा दिवा रोज 10 तास लावल्यास 20 रात्रींत 1 युनिट वीज लागते.

काम करण्याची रीत : प्रथम मुख्य स्विच बंद करावा. खडूने खूण करून विटेभोवतीचे सांधे छिन्नीने मोकळे करावेत व एकच वीट काढावी. नळीसाठी भिंतीत उभी खाच पाडावी, आडवी पाडू नये. आडव्या खाचेने भिंत अधिक दुर्बल होते. पेटी 1:4 सिमेंट-वाळूच्या मालाने बसवावी व सात दिवस पाणी मारावे. माल सुकल्यावरच तारा ओढाव्यात. वरची बाजू व दोन्ही कडा सिलिकॉनने बंद कराव्यात. खालची कड मात्र मोकळी ठेवावी, म्हणजे आत झिरपलेले पाणी बाहेर पडेल.

विजेपासून संरक्षण : ओल्या जमिनीत वीज उतरली तर गाईबैलांस माणसापेक्षा अधिक धोका असतो. त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असते आणि प्रवाह छातीतून जातो. माणसास केवळ झटका बसेल अशा ठिकाणी बैल दगावू शकतो. साधा फ्यूज अशा लहानशा गळतीने उडत नाही. यास्तव 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. स्विच व पक्के अर्थिंग अवश्य असावे. त्या स्विचवरील चाचणीचे बटण दरमहा दाबून पाहावे. स्विच पडला नाही तर तो त्वरित बदलावा. 12 व्होल्टचे दिवे घेतल्यास धोका पुष्कळ कमी होतो. त्यांचा ट्रान्सफॉर्मर मात्र घरात, कोरड्या जागी ठेवावा.

भिंतीचे काम गावच्या गवंड्याकडून करून घेता येते. तारांची जोडणी मात्र परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी. मजुरी वाचविण्यासाठी घरीच केलेली जोडणी एका पावसाळ्यात बैलजोडीच्या किमतीस पडू शकते, ही गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस आवर्जून समजावून सांगावी.