आत्महत्येनंतरचे घर

२०२२ या एका वर्षात भारतात १ लाख ७० हजारांहून अधिक आत्महत्यांची नोंद झाली आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र सर्वात वर राहिला. असे आकडे आले की चर्चा होते ती गेलेल्यांची: कर्ज किती होते, चिठ्ठी सापडली का, घरात काही वाद होता का. मागे उरलेल्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. अमेरिकी संशोधक ज्युली सेरेल यांच्या अंदाजानुसार एका आत्महत्येची झळ ओळखीतल्या सुमारे १३५ जणांपर्यंत पोचते. त्यांतल्या काहींचे आयुष्य त्या दिवसापासून पार बदलून जाते. या बदलात माणूस केवळ मोडतो, की त्याची वाढही होऊ शकते? माझे उत्तर ‘होऊ शकते’ असे आहे. पण ही वाढ दुःखातून आपोआप उगवत नाही आणि ती एकट्याच्या हिमतीवरही फारशी अवलंबून नसते. उरलेल्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर येऊ दिले, तरच तिला जागा मिळते.

आरोपी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. हृदयविकाराने कुणी गेले तर शेजारी डबा घेऊन येतात. आत्महत्या झाली तर आधी पोलीस येतात. पंचनामा, शवविच्छेदन, घरच्यांचे जबाब हे कायद्याने टळत नाही. पण त्यानंतर गावाची चौकशी सुरू होते आणि ती संपता संपत नाही. सून असेल तर तिच्या स्वभावाची, आई असेल तर तिच्या लाडाची. या सगळ्याच्या वर मनातले न्यायालय चोवीस तास भरलेले असते: त्या सकाळी तो गप्प होता, मला कळायला हवे होते. मानसशास्त्रज्ञ बरूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की घटनेचा शेवट एकदा कळला की तो आधीपासूनच दिसत होता असे माणसाला वाटू लागते. उरलेल्यांचा अपराधभाव बराचसा या पश्चातबुद्धीवर पोसला जातो. तो जीवघेणाही ठरू शकतो. ब्रिटनमध्ये अलेक्झांड्रा पिटमन आणि सहकाऱ्यांनी ३,४३२ तरुण प्रौढांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. अचानक पण नैसर्गिक कारणाने जवळचे माणूस गमावलेल्यांच्या तुलनेत, ते आत्महत्येने गमावलेल्यांत स्वतः तसा प्रयत्न करण्याची शक्यता ६५ टक्क्यांनी अधिक आढळली. तेव्हा ‘काळ हेच औषध’ म्हणून हात झटकणे परवडणारे नाही.

तरीही दुसरी बाजू आहे. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आघातानंतरची वाढ मोजण्याची प्रश्नावली १९९६ मध्ये मांडली. नात्यांतली जवळीक, स्वतःच्या बळाची जाणीव, नव्या वाटा, जगण्याची कदर आणि श्रद्धेतला बदल ही तिची पाच अंगे. त्यांच्या मांडणीत दुःख जाऊन त्या जागी वाढ येत नाही. दोन्ही एकाच घरात नांदतात. इस्राएलमध्ये योसी लेवी-बेल्झ यांनी खास आत्महत्येमागे उरलेल्यांवर अनेक वर्षे काम केले. मन मोकळे करता येणे आणि माणसांचा आधार मिळणे यांचा वाढीशी स्पष्ट संबंध त्यांना दिसला. आमच्याकडे नेमके याच्या उलट होते. ‘पोटात दुखत होते’ किंवा ‘अपघात झाला’ अशी गोष्ट ठरवली जाते, मुलांनाही तीच पढवली जाते आणि त्या खोटेपणाची राखण करण्यात घराची अर्धी ताकद खर्च होते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे: माणसे वाढल्याचे सांगतात, पण खरोखर वाढतात का? पॅट्रिशिया फ्रेझर यांच्या गटाने २००९ मध्ये विद्यार्थ्यांची आघाताआधीची आणि नंतरची मोजमापे ताडून पाहिली. सांगितलेली वाढ आणि मोजलेला बदल यांचा फारसा मेळ बसला नाही. हा आक्षेप मी मान्य करतो. म्हणूनच सांगण्यापेक्षा करण्याकडे पाहावे. अमेरिकी सिनेटर हॅरी रीड यांच्या वडिलांनी १९७२ मध्ये आत्महत्या केली. पुढे ते त्याविषयी जाहीरपणे बोलले, आणि त्यांच्याच पुढाकाराने सिनेटने १९९९ मध्ये अशा आप्तांसाठी एक दिवस राखून ठेवणारा ठराव केला. प्रश्नावलीतल्या खुणेपेक्षा हा पुरावा मला भक्कम वाटतो.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे, आणि अधिक टोकदार. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या विधवेला वाढीच्या गोष्टी सांगणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे नव्हे काय? धोका खरा आहे. तिच्या वाट्याला येते ते आधी ‘पात्र की अपात्र’. एक लाखाच्या मदतीसाठी नवऱ्याचे मरण कर्जामुळेच झाले हे कागदांनी सिद्ध करायचे, मग वारस नोंद, फेरफार, सातबारा. तलाठ्याकडे न बिचकता बोलायला ती शिकते आणि पाहुणे म्हणतात, बाई किती खंबीर झाली. मला हे कौतुक खटकते. नाइलाजाने आलेला कणखरपणा म्हणजे वाढ नव्हे. वाढीत निवडीला वाव लागतो. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये अशा ५०५ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ४० टक्के जणींच्या नावे त्या कसत असलेली जमीन झालेली नव्हती. पायाखालची जमीन अक्षरशः दुसऱ्याची असताना कुठल्या नव्या वाटा? उलट वाव मिळाला तर काय होते तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. शेतकरी विधवांचे जगणे मांडणाऱ्या ‘तेरवं’ नाटकात त्या उभ्या राहिल्या आणि जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. त्या दिवशी त्या व्यासपीठावर दयेचा विषय म्हणून नव्हे, तर वक्त्या म्हणून बोलल्या.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. मानसोपचाराच्या पुस्तकात असा ठराव सापडणार नाही, पण वाढीची अट म्हणून मी तो सातबाऱ्यावरच्या नावाच्या शेजारी ठेवीन. आणि ज्यांच्या हातून वाढ म्हणावे असे काहीच होत नाही, जे दहा वर्षांनीही फक्त दिवस ढकलतात, ते कुठल्या परीक्षेत नापास झालेले नसतात. त्यांना भेटायला जाणाऱ्याने गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याच्या जगण्यातले काही आठवून सांगावे, ‘का केले’ हे विचारू नये आणि तेराव्यानंतरही जात राहावे. तहसीलला सोबत गेला तर आणखी बरे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक निःशुल्क आहे, त्यावर मराठीत बोलता येते, आणि जीव द्यावासा वाटणाऱ्यांइतकाच तो मागे उरलेल्यांसाठीही आहे.