एकच प्रारंभरेषा पुरेशी आहे काय?

आमच्या वसतिगृहाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला आम्ही शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीत सर्वांबरोबर उभे केले. त्याचा एक पाऊल जन्मतः वाकडा होता. तो अखेरचा आला. सर्वांनी टाळ्या वाजविल्या, आम्हीही वाजविल्या आणि त्यास उत्तेजनार्थ पारितोषिक दिले. सायंकाळी त्याने विचारले, "सर, मला किती सेकंद लागले?" ते कोणीच मोजले नव्हते. घड्याळ पहिल्या तिघांनंतर थांबविले होते.

त्याला समान वागणूक दिली, असे आम्हांस त्या दिवशी वाटले होते. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला सहानुभूती आली, न्याय आला नाही. हा फरक दिव्यांगांच्या क्रीडाक्षेत्राने फार पूर्वी ओळखला आहे.

महाराष्ट्राला या क्षेत्राची परंपरा आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाईल जलतरणात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचे सुयश जाधव यांनी बालपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावले. २०१८ च्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात सुवर्णपदक पटकाविले. त्यांचा गट होता एस-७. जलतरणात शारीरिक दिव्यांगांचे एस-१ ते एस-१० असे गट असतात. आकडा जितका लहान, तितकी मर्यादा मोठी. छातीवरच्या पोहण्यात पायांचा वाटा मोठा असल्याने त्या प्रकारासाठी गटांची वेगळी मांडणी आहे. म्हणजे एकच शरीर एका प्रकारात अधिक अडते, दुसऱ्यात कमी.

मग पोहणे, सायकल आणि धावणे सलग करावयाचे असल्यास गट कसा ठरवावा? हा पेच ट्रायथलॉनमध्ये उभा राहतो. दिव्यांगांची ट्रायथलॉन २०१६ साली रिओ पॅरालिम्पिकमध्ये प्रथम समाविष्ट झाली. तीत ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. उभे राहून धावू शकणाऱ्या खेळाडूंचे पीटीएस-२ ते पीटीएस-५ असे चार गट आहेत. स्नायूंची शक्ती, सांध्यांची हालचाल, अवयवाचा अभाव आणि हालचालींवरील ताबा तपासून गुण दिले जातात आणि त्यांवरून गट ठरतो. आजाराच्या नावापेक्षा त्याचा खेळावर होणारा परिणाम येथे महत्त्वाचा असतो.

अमेरिकेच्या ग्रेस नॉर्मन यांचा एक पाय गुडघ्याखाली नाही. ब्रिटनच्या लॉरेन स्टेडमन यांचा एक हात कोपराखाली नाही. पाण्यात हाताची उणीव भोवते, धावताना पायाची. तरीही दोघी एकाच गटात उतरल्या. रिओमध्ये नॉर्मन प्रथम आणि स्टेडमन द्वितीय आल्या. टोकियोत हा क्रम उलटला. गट योग्य असेल तर निकाल उणिवेच्या जागेवरून आधीच ठरत नाही. सराव, चिकाटी आणि डावपेच यांना वाव राहतो.

चाकाच्या खुर्चीवरील खेळाडू सायकलच्या टप्प्यात हातांनी चालविण्याची सायकल आणि धावण्याच्या टप्प्यात शर्यतीची खुर्ची वापरतात. त्यांच्यात दोन उपगट आहेत. ज्यांची मर्यादा अधिक, त्यांना ठरावीक अवधी आधी सोडले जाते. जो अंतिम रेषा प्रथम ओलांडेल तो विजयी. दृष्टिबाधितांच्या शर्यतीतही अशीच पद्धत असून, त्यांच्यासोबत वाटाड्या असतो आणि सायकल दोघांची असते. येथे प्रारंभाची वेळ वेगळी असणे ही कृपा नाही, तो नियम आहे.

जन्मावरून माणसांची प्रतवारी लावणाऱ्या व्यवस्थेचे चटके आपल्या पूर्वजांनी सोसले. त्यामुळे 'वर्गीकरण' हा शब्द आपल्या कानांना खटकणे स्वाभाविक आहे. परंतु ती व्यवस्था माणसास स्पर्धेबाहेर ठेवण्यासाठी होती. हे वर्गीकरण त्यास स्पर्धेत आणण्यासाठी आहे. ते तपासता येते, त्यावर हरकत घेता येते आणि शरीराची स्थिती बदलल्यास गटही बदलतो.

पालकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार असून, आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. क्रीडागट त्या टक्केवारीवरून ठरत नाही. त्यासाठी प्रशिक्षित वर्गीकरणकार स्वतंत्र तपासणी करतात. म्हणून प्रमाणपत्रावरील आकडा पाहून मुलाला मैदानापासून दूर ठेवू नये.

माजलगावसारख्या ठिकाणी असे वर्गीकरणकार सहज मिळणार नाहीत. तरीही तीन गोष्टी आपल्या हाती आहेत. शर्यतीतील प्रत्येक मुलाची वेळ नोंदवावी. तिची तुलना त्याच्याच मागील वर्षाच्या वेळेशी करावी. कोणत्या खेळात उतरावयाचे, हे प्रथम त्यालाच विचारावे. आमचे जे माजी विद्यार्थी आज डॉक्टर वा क्रीडाशिक्षक आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस यासाठी द्यावा, ही विनंती.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही देऊ शकलो नाही. यापुढे मात्र शेवटचा विद्यार्थी रेषा ओलांडेपर्यंत आमचे घड्याळ थांबणार नाही.