खाऱ्या तळ्याकाठची गोड धार

जिनिव्हाच्या सरोवरातलं कारंजं 140 मीटर उंच उडतं. त्या गावाची तीच ओळख. पाहुणा स्टेशनवरून उतरला की आधी तळ्याकाठी जाऊन ते पाहतो. तेच कारंजं आणून आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या तळ्यात बसवलं, तर त्याचा तुरा विवराच्या कडेवर जेमतेम डोकावेल. कडेपासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे 137 मीटर आहे. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, आणि तळाशी असलेल्या पाण्याचा सव्वा किलोमीटरच्या आसपास. एवढं सगळं गावाला अगदी लागून आहे. बाहेरून येताना मात्र त्याचा पत्ता लागत नाही. तूर-सोयाबीनची शेतं, घरं, थोडासा चढ, आणि एकदम समोरची जमीन संपते.

बहुतेक पर्यटक इथंच थांबतात. कठड्याशी फोटो होतो, पाणी हिरवं की गुलाबी यावर बोलणं होतं आणि गाडी शेगावच्या किंवा वेरूळच्या रस्त्याला लागते. माझं म्हणणं असं, की लोणार कडेवरून पाहायचं गाव नाही. ते उतरून, चालून, वर येऊन आणि मग गल्ल्यांत फिरून पाहायचं. तसं पाहिलं, तर इथली मंदिरं, झरे, खार, दंतकथा आणि खडक यांचं मूळ एकच असल्याचं पायाखाली कळत जातं.

ते मूळ म्हणजे एक आघात. दख्खनचं पठार साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं बनलेलं आहे. एक लोट आला, थिजला, त्यावर दुसरा आला, असे थर साचत गेले. पुढं कधीतरी आकाशातून आलेली एक उल्का या थरांवर आदळली. कधी, याचं उत्तर बदलत गेलं आहे. खडकातल्या काचेच्या तपासणीवरून आधी सुमारे 52 हजार वर्षं हे वय धरलं जायचं. पुढं आर्गॉन वायूच्या मोजमापाने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांवर नेलं. दोन उत्तरांत दहापटीहून जास्त फरक आहे, आणि जुना आकडा अजून अनेक पुस्तकांत टिकून आहे.

युरोपियनांपैकी सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1823 साली या विवराची नोंद केली. त्याआधी 'ऐन-इ-अकबरी'तही लोणारचा आणि इथल्या खाराचा उल्लेख येतो. पण हे विवर कशाने झालं, यावर दीडशे वर्षं वाद चालला. सगळीकडे काळा बसाल्ट, म्हणजे लाव्हाचाच खडक; तेव्हा हे ज्वालामुखीचं तोंड असणार, असं भूवैज्ञानिकांना वाटणं स्वाभाविक होतं. 1896 साली अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या विवराचा अभ्यास करताना लोणारशी त्याचं साम्य दाखवलं. गंमत अशी, की तेव्हा ते स्वतः ॲरिझोनाचं विवर उल्केचं मानत नव्हते! निकाल लागला तो 1970च्या दशकाच्या सुरुवातीला. स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या शास्त्रज्ञांनी तळाशी भोकं पाडून खालचे खडक वर काढले. त्यांत मॅस्केलिनाइट सापडलं. खडकातल्या स्फटिकावर प्रचंड दाबाचा धक्का बसला, की तो वितळण्याआधीच काचेसारखा होतो; तेच हे. असा दाब कुठल्याही ज्वालामुखीत तयार होत नाही. बसाल्टमध्ये झालेली आघातविवरं जगात मोजकीच आहेत, आणि त्यांत लोणारइतकं सुस्थितीतलं दुसरं नाही. चंद्रावरची काळी मैदानं आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बसाल्टचा, म्हणून तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारचे दगड गोळा करायला येतात.

आता उतरायला लागू. सुरुवात धारेपासून करावी. गावाच्या बाजूला, विवराच्या कडेखालीच हे गोमुखाचं ठिकाण आहे. दगडी कुंडात बारमाही झऱ्याचं पाणी पडत असतं आणि त्याखाली आंघोळ करणारे भाविक असतात. इथलं पाणी गोड. खाली दिसणारं तळं खारं, आणि त्याच्या भिंतीतून झरणारी धार गोड, हे कोडं लोणारला येणाऱ्या प्रत्येकाला पडतं. त्याचं उत्तर समोरच्या उतारावर लिहिलेलं आहे. लाव्हाच्या दोन थरांच्या मधला भाग सच्छिद्र, झिजलेला असतो, आणि पावसाचं मुरलेलं पाणी त्यात साठून राहतं. आघाताने हे थर आरपार कापले गेले. त्यामुळे जे पाणी एरवी विहीर खणून काढावं लागलं असतं, ते इथं उघड्या भिंतीतून आपणहून बाहेर येतं. खाली गेलेल्या पाण्याला मात्र वाट नाही. विवर चारी बाजूंनी बंद, ओढा आत येतो पण बाहेर पडत नाही. पाणी जातं ते फक्त उन्हाने, वाफ होऊन. खडकांतून विरघळून आलेले क्षार मागे उरतात. हजारो वर्षं हेच चाललं आणि तळं खारं झालं.

धारेपासून पायवाट झाडीतून खाली जाते. उतरताना कडेचा खडक जरूर पाहावा. पठारावर सपाट असणारे थर इथं उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. आघाताने उडालेला दगडमातीचा थर कडेपलीकडे एक-दीड किलोमीटरपर्यंत पसरला आहे, आणि लोणार गावाचा काही भाग त्या थरावरच उभा आहे. उतारावर साग, सीताफळ, बाभूळ. मोरांचा आवाज सतत. झाडीत माकडं असतात, तेव्हा खाण्याची पिशवी उघडी ठेवू नये. एकेकाळी आत झऱ्यांच्या पाण्यावर केळीच्या बागा होत्या. 2000 साली हा भाग अभयारण्य झाला.

खाली पोचलं की आधी वास येतो. किनाऱ्याचा चिखल काळा आणि मऊ असतो, त्यात पाय घालण्याचा मोह टाळावा. पाणी बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. ते नुसतं खारं नाही, अल्कधर्मीही आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू 8 च्या आसपास असतो, इथला 10 च्या घरात जातो. कारण त्यात धुण्याचा सोडा आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की काठावर साचलेला खार गोळा केला जायचा. त्याच्या प्रतीप्रमाणे दल्ला, पापडी, खुप्पल, भुसकी अशी नावं होती. साबण, काच आणि कापडाच्या धंद्यात तो जायचा. लोणारची जुनी श्रीमंती या खारावर होती, आणि इतकी मंदिरं या आडगावात का, याचं निम्मं उत्तर मला त्यात दिसतं. उरलेलं निम्मं गोड झऱ्यांत. जिथं झरा तिथं तीर्थ, जिथं तीर्थ तिथं देऊळ.

ही देवळं किनाऱ्याने फिरताना एकेक भेटतात. रामगया, वाघ महादेव, मोर महादेव, मुंगळ्याचा महादेव, शंकर-गणेश. काही पडकी आहेत, काहींत वटवाघळं आहेत, काहींत अजून फूल वाहिलेलं असतं. मुळं दगडांत शिरून खांब तिरपे झालेत. सगळ्यांत जागतं देऊळ कमळजादेवीचं. नवरात्रात इथं यात्रा भरते आणि एरवी शांत असणारी पायवाट माणसांनी भरून जाते. देवळाजवळच सासू-सुनेची विहीर आहे. तळ्याची पातळी खाली गेली की ती दिसते. तिच्या एका अंगाचं पाणी गोड आणि दुसऱ्या अंगाचं खारं, असं गावकरी सांगतात. भरपूर पावसाच्या वर्षी पाणी चढून काठाच्या देवळांत शिरतं. तेव्हा उतरण्याआधी वनखात्याच्या चौकीवर चौकशी करावी.

2020च्या जूनमध्ये हे तळं गुलाबी झालं आणि देशभर बातमी गेली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं कळलं. पाणी कमी आणि क्षार जास्त झाले, की हे जीव फोफावतात आणि त्यांच्यातलं गुलाबी रंगद्रव्य पाण्याला चढतं. पाऊस आला, पाणी पातळ झालं, रंग गेला. एरवीचा हिरवा रंगही जिवंतच आहे, तो स्पिरुलिनासारख्या सूक्ष्म शेवाळांचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला 'रामसर' पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातली ही दुसरी. हिवाळ्यात इथं बदकं, धोबी, शेकाटे यांची वर्दळ असते, म्हणून दुर्बीण न्यावी.

वर आल्यावर गावातलं दैत्यसूदन मंदिर. यासाठी निदान दोन तास राखून ठेवावेत. साधारण बाराव्या-तेराव्या शतकातलं हे विष्णूचं देऊळ ताऱ्याच्या आकाराचं आहे. बाहेरून चालताना भिंत सतत कोन बदलत राहते आणि प्रत्येक कोनावर मूर्ती. काळ्या दगडावर ऊन फिरतं तसे चेहरे उजळतात आणि विझतात, तेव्हा सकाळी एकदा आणि उतरत्या दुपारी एकदा असं दोनदा पाहावं. आतलं छत मान मोडेपर्यंत पाहण्यासारखं आहे. तिथं पुराणातले प्रसंग कोरले आहेत. पुजाऱ्याला विनंती केली, तर उजेड पाडून दाखवतात. मेच्या मध्याला काही दिवस सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यातल्या मूर्तीवर येतात आणि किरणोत्सवाला गर्दी होते.

दैत्यसूदन म्हणजे दैत्याला मारणारा. लोणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहून वर येई आणि लोकांना छळी. विष्णूने सुंदर तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या गुहेवरचं झाकण पायाच्या अंगठ्याने उडवलं आणि त्याला मारलं. झाकण दूर धाकेफळजवळ जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. तळ्यातलं पाणी हे दैत्याचं रक्त, खार हे त्याचं मांस. विज्ञानाची गोष्ट ऐकून आल्यावर ही कथा ऐका. वरून आलेला घाव, फुटलेली जमीन, लांब जाऊन पडलेला तिचा तुकडा आणि खाली उरलेलं खारं पाणी, सगळं तिच्यात आहे. उल्का पडताना पाहणारं इथं कोणी नव्हतं. या जागेकडे पिढ्यान्‌पिढ्या नीट निरखून पाहणाऱ्या माणसांनी ही कथा रचली, असं मला मनापासून वाटतं. महानुभावांच्या लीळाचरित्रातही लोणार येतं, म्हणजे तेराव्या शतकात हे ओळखीचं क्षेत्र होतं.

गावातलीच लिंबी बारव फार कोणी पाहत नाही. पायऱ्या उतरत गेलं की दगडी बांधकामाची ताकद कळते. थोडं उत्तरेला, सुमारे 700 मीटरवर अंबर तळं आहे. त्याला छोटं लोणार म्हणतात. मुख्य उल्केच्याच तुकड्याने ते झालं असावं, असा एक तर्क आहे. तो सगळ्यांना मान्य नाही. तिथला मोठा मारुती आडवा, निजलेला आहे.

लोणारचा एक भाऊ युरोपात आहे. जर्मनीतलं नॉर्डलिंगेन हे गाव सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या आणि 24 किलोमीटर रुंदीच्या विवराच्या आत वसलं आहे. तिथंही ज्वालामुखीचीच समजूत होती. 1960 साली युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांनी तिथल्या खडकांत कोएसाइट हे प्रचंड दाबाखाली तयार होणारं खनिज दाखवून दिलं, आणि गावातलं जुनं सेंट जॉर्ज चर्च उल्केच्या आघाताने झालेल्या दगडाचंच बांधलेलं असल्याचं उघड झालं. 1970 साली अपोलोचे अंतराळवीर खडक ओळखायला शिकण्यासाठी तिथं गेले. आता तिथं विवराचं संग्रहालय आहे, चंद्रावरून आणलेला दगड आहे, आणि अखंड तटावरून गावाला पायी प्रदक्षिणा घालता येते. चर्चच्या 90 मीटर उंच मनोऱ्यावर चढलं, की विवराची कड क्षितिजावर टेकड्यांसारखी दिसते. एवढ्या मोठ्या विवराचं ते असंच, पूर्ण नजरेत येत नाही. आपलं येतं. एका जागी उभं राहून सगळं वर्तुळ पाहता येतं, आणि त्याच्या पोटात झरे आणि शतकांची देवळं. असं संग्रहालय, खडक समजावून सांगणाऱ्या पाट्या आणि गावातल्याच पोरांना वाटाड्याचं पद्धतशीर शिक्षण लोणारला मिळायला हवं. हे काम कोटींच्या कमानी उभारण्याइतकं खर्चीक नाही.

जायचं कसं? समृद्धी महामार्गाने आलात तर मेहकरला उतरावं. रेल्वेने येणाऱ्यांना जालना सोयीचं. विवराच्या कडेजवळ पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्याला उत्तम. उन्हाळ्यात विवराच्या तळाशी वारा लागत नाही आणि चढताना दम निघतो. पहाटे उतरावं, पाणी सोबत घ्यावं, उन्हं चढण्याआधी वर यावं. मुक्काम एक तरी हवाच.

दुसऱ्या दिवशी मेहकर करावं. तिथला शारंगधर बालाजी म्हणजे काळ्या पाषाणातली पुरुषभर उंचीहून मोठी विष्णुमूर्ती, 1888 साली जमिनीत सापडलेली. तिच्या प्रभावळीवरची बारीक कोरीव कामं जवळ जाऊन पाहावीत. 'शीळ' लिहिणारे कवी ना. घ. देशपांडे याच गावात वकिली करत. परतीच्या वाटेवर सिंदखेडराजा लागतं. 1598 साली जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजी जाधवांचा वाडा, लखुजींची भव्य समाधी आणि पुतळा बारव तिथं आहेत. 12 जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला गेलात तर गर्दी प्रचंड असते, पण तो दिवस पाहण्यासारखा. बारव निवांत पाहायची असेल तर मात्र दुसरा कुठलाही दिवस निवडावा.