एकशे चार वर्षांचे अण्णा आणि माझी पाच मिनिटं



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. २०२४च्या जूनमध्ये माझे वडील पुण्यात गेले. वय एक्क्याण्णव. दुखणं-खुपणं फारसं नव्हतं. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. मी मेलबर्नहून निघून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आपल्यापैकी पुष्कळांनी हा प्रवास केलेला आहे, तेव्हा त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लिहायचंय ते नंतरचं. दिवस झाल्यावर मी परत आलो (रजा संपली!). मग महिन्याभराने सोसायटीच्या लोकांनी एक छोटी सभा ठरवली. धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, पाच मिनिटं तू बोल. इथे आम्ही स्क्रीन लावतोय."

क्लेटनच्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहायला घेतलं. जन्म, शिक्षण, बँकेतली नोकरी, निवृत्ती, नातवंडं. मोठ्याने वाचून पाहिलं तर दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत! आणि वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. नाव बदललं असतं तर ते कुणाच्याही वडिलांना चाललं असतं.

बाबांचा एक स्टँप अल्बम माझ्याकडे आहे. मागच्या खेपेला इथे आले तेव्हा नातीसाठी म्हणून ठेवून गेले. त्यात महर्षी कर्व्यांचं १९५८ सालचं तिकीट आहे. कर्व्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा ते निघालं, आणि त्यावर ज्यांचं चित्र होतं ते गृहस्थ तेव्हा हयात होते! त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. बाबा तेव्हा पंचविशीत होते. माझी आजी हिंगण्याच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे आमच्या घरी कर्व्यांना सगळे 'अण्णा'च म्हणत, जणू घरातलेच.

सुचत काही नव्हतं, म्हणून अण्णांबद्दल घरात होतं ते वाचायला घेतलं. म्हटलं, एकशे चार वर्षांचं आयुष्य लोकांनी कसं सांगितलंय ते तरी बघू.

बाहेरची यादी आपण शाळेत पाठ केलेलीच आहे. जन्म १८ एप्रिल १८५८, घर कोकणातल्या मुरूडचं. सतरा वर्षांचे असताना परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला शंभराहून जास्त मैल चालत गेले आणि "वयाने लहान दिसतोस" म्हणून परत पाठवले गेले. १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली, १९०० मध्ये आश्रम हिंगण्याला नेला. तिथून फर्ग्युसनला रोज चालत ये-जा. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. विठ्ठलदास ठाकरसींच्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर तेच विद्यापीठ एसएनडीटी म्हणून ओळखलं जाऊ लागलं. सत्तरी गाठल्यावर, १९२९ मध्ये, जगप्रवास: युरोप, अमेरिका, जपान. परत आले, आणि १९३० च्या डिसेंबरात पुन्हा आफ्रिकेला, पंधरा महिने! सगळं संस्थेचं काम सांगायला. गेले ९ नोव्हेंबर १९६२ ला.

हीसुद्धा यादीच झाली. फक्त लांब. पण अण्णांच्या घरच्यांनी त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय ते या यादीत बसत नाही, आणि मला अण्णा दिसायला लागले ते तिथे.

पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणात गेल्या. थोरला रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. १८९३ मध्ये अण्णांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या, लग्नानंतर आनंदीबाई झाल्या, सगळ्यांच्या 'बाया'. मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. हे घरी गेले तर आई-भावांवरही बहिष्कार. म्हणजे बघा, समुद्र ओलांडला नाही, व्हिसाची भानगड नाही, तरी स्वतःचं घर तुटलं.

आश्रम काढताना अण्णांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसी संस्थेच्या नावे करून टाकली. बायाबाईंना ते लागलं, लागणारच. पदरात लहान मुलं, उद्या काही झालं तर? त्यांनी 'माझे पुराण' नावाचं आत्मचरित्र लिहिलंय, सून कावेरी कर्वे यांनी ते संपादित केलं. नवऱ्याबद्दलचा आदर आणि संसाराची ओढाताण, दोन्ही त्यात सांगून टाकलंय. लपवाछपवी नाही.

मुलांचं बघा. रघुनाथ म्हणजे र. धों. कर्वे. संततिनियमनाचा प्रचार करून नोकरी गमावली आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. ते १९५३ मध्ये गेले. तेव्हा अण्णा पंचाण्णव वर्षांचे. दीर्घायुष्याचा आशीर्वाद आपण सहज देतो, त्यात आपल्या मुलाचं जाणं बघणंही येतं हे डोक्यात येत नाही. बायाबाई त्याआधीच, १९५० मध्ये गेल्या होत्या. दुसरा मुलगा शंकर डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत स्थायिक झाला. म्हणजे अण्णासुद्धा आपल्या आई-वडिलांसारखेच 'परदेशातल्या मुलाचे वडील'! दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांची बायको इरावती बर्लिनला डॉक्टरेटसाठी निघाली तेव्हा तिच्या जाण्याला सासऱ्यांचा विरोध होता. स्त्री-शिक्षणासाठी जन्म घालवलेल्या माणसाचा! ती गेलीच, आणि देशातली मोठी मानववंशशास्त्रज्ञ झाली. पुढे याच सुनेने सासऱ्यांचं शब्दचित्र लिहिलं. त्यात माया आहे आणि टीकाही. या माणसाने जगासाठी जे केलं त्याची किंमत घरच्यांनी कशी मोजली, हे तिने स्पष्ट लिहिलं. तरी अण्णा तसूभर लहान होत नाहीत. उलट खरे वाटतात.

तर माझ्या पाच मिनिटांकडे येतो. माझ्या मनात बाबांबद्दल एक जुनी तक्रार होती, चाळीस वर्षांची. बाबांचं गणित फार चांगलं. सोसायटीतल्या पोरांना रोज संध्याकाळी फुकट शिकवायचे. आणि माझ्या दहावीच्या वर्षी? मला क्लास लावला! पैसे भरून! मी सायकल मारत क्लासला जायचो तेव्हा आमच्याच घरात दुसऱ्यांची पोरं बसलेली असायची. हे मी कधीच बोललो नव्हतो. बाबांशी नाही, आईशीही नाही. सभेत तर असलं बोलायची पद्धतच नाही.

पण बोललो. पुण्यात संध्याकाळचे सहा, इथे रात्रीचे साडेदहा. आधी ज्यांना त्यांनी शिकवलं त्यांच्याबद्दल बोललो, त्यातले तीन-चार जण समोर बसलेच होते. मग म्हटलं, "मला मात्र त्यांनी शिकवलं नाही, आणि त्याचं वाईट अजून वाटतं."

स्क्रीनवर सगळे गप्प. बहिणीचा चेहरा कडक. आणि पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, "अरे, ते शिकवायलाच बसले होते. पाच मिनिटांत त्यांचा आवाज चढला आणि तू रडलास. दुसऱ्यांच्या मुलांवर ते कधी ओरडत नसत. म्हणून क्लास मी लावला. ते क्लासच्या दारापर्यंत तुझ्या मागे यायचे, पहिले आठ दिवस. तुला नको सांगू म्हणाले."

त्यानंतर मला बोलता आलं नाही. पाच मिनिटं व्हायची होती, राहिली.

मंडळी, हे लिहायचं कारण एवढंच. आपण लांब असतो, रविवारी फोन करतो, "बरं आहे ना, गोळ्या घेता ना" एवढं बोलून ठेवतो. आणि माणूस गेला की यादी लिहायला बसतो. ज्याच्याकडे तक्रारीचं उत्तर होतं तो माणूस आता नाही. माझी आई होती म्हणून निभावलं. पण ती सत्याऐंशीची आहे. तेव्हा घरात कुणी वडीलधारं असेल तर या रविवारी औषधांऐवजी एखादी जुनी गोष्ट विचारा. भांडणाची असली तरी चालेल.

असो. फार लांबलं. आईला इकडे आणण्याचं बघतोय, पण पालकांच्या व्हिसाची रांग तुम्हाला माहीतच आहे, आणि ती स्वतः "तुमची थंडी तुम्हालाच लखलाभ" म्हणते. डिसेंबरात मीच जातोय. सहा आठवडे. वही घेऊन.

चूकभूल द्यावी घ्यावी.

लोभ आहेच, तो वाढावा,
मेलबर्नहून तुमचाच एक